भोंगा, एकादशी आणि पखवाज



कीर्तन संपले, आरती झाली, की भेटायला माणसे पुढे येतात. पूर्वी आयाबहिणी दुखण्याखुपण्याचे विचारीत, पोरीच्या सोयरिकीचे विचारीत, नवऱ्याच्या दारूचे विचारीत. गेल्या दहा-बारा वर्षांत विचारणे बदलले. आमच्या हिवरा आश्रमाच्या पंचक्रोशीत, मेहकर तालुक्यातल्या गावोगावच्या सप्ताहांत, एकच गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा कानी पडू लागले. “महाराज, पोट्टं हातातला मोबाईल सोडत नाही. जेवताना बी तेच, झोपताना बी तेच. काहीतरी सांगा त्याले.”

मी सांगत असे. नारदाच्या गादीवर उभे राहून पोरांना झाडत असे. त्यांच्या केसांवर, फाटक्या पँटींवर, माना मोडून चालण्यावर दोन-चार विनोद करीत असे. मंडप हसे. आया पदर तोंडाला लावून हसत, बाप मांडीवर थाप मारीत, आणि ज्यांच्यासाठी बोलायचे ती पोरे मागे उभी राहून तोच विनोद मोबाईलमध्ये भरून घेत. दुसऱ्या दिवशी मोबाईलची निंदा मोबाईलवरूनच गावोगाव पोचलेली असे. मला त्याचे वाईट वाटायला हवे होते. खरे सांगतो, बरे वाटे.

आता गुडघ्यांनी आणि गळ्याने कीर्तन सोडवले आहे. उभे राहून बोलायचे थांबले की माणूस बसून विचार करू लागतो. म्हणून त्या बायांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळतो. तेव्हा मी त्याला उत्तर दिलेच नव्हते, नुसते हसवले होते.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. सुमारे ३,००० वस्तीचे, शेती आणि साखर कारखान्यावर पोट असणारे. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आल्या. शाळा पुन्हा वर्गात गेल्या, पण मोबाईल हातातच राहिला. गावचे सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे आणला. १४ ऑगस्ट २०२२ रोजी सभेत निर्णय झाला आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद, ते साडेआठपर्यंत. या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती वेगळीच. ही कल्पना मांडली तेव्हा पुरुष मंडळींनी आधी ती हसण्यावारी नेली होती. मग बायकांना एकत्र बोलावले, आणि बायकांनी स्वतःहून कबूल केले की मालिका आणि मोबाईल यांत आमचेही तास जातात. त्यानंतर गाव हलले. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघरी फिरले आणि भोंगा झाला की मोबाईल ठेवायची आठवण देऊ लागले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्या विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने ग्रामसभेत ठराव केला की अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. दूरदेशी ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेही २०२४ मध्ये कायदा केला आणि डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक अशा ठिकाणी खाते ठेवण्यास मनाई केली. म्हणजे बांशीच्या ग्रामसभेला जे वाटले तेच त्या मोठ्या देशाच्या संसदेला वाटले. यात हसण्यासारखे काही नाही. पोराच्या काळजीने माणूस जे सुचेल ते करतो.

पण प्रश्न असा की वस्तू काढून घेतली म्हणजे गोडी जाते का?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला हेच सांगितले आहे. जो आहार सोडतो त्याचे विषय सुटतात, पण विषयांतला रस सुटत नाही. तो रस परतत्त्व दिसल्यावरच सुटतो. माउली त्या श्लोकावर बोलताना झाडाचा दृष्टांत देतात. वरवरची पालवी खुडत राहायची आणि मुळाशी मात्र पाणी घालत राहायचे, मग झाड मरणार कसे? आमच्या भागात लिंबाचा पाला खुडणारे शेळीवालेही हे जाणतात. खुडलेले झाड पुढच्या पावसात दुप्पट फुटते.

याचे ढळढळीत उदाहरण आपण सर्वांनी पाहिले. जून २०२० च्या अखेरीस सरकारने टिकटॉक बंद केले. आमच्या खेड्यापाड्यांतली कितीतरी पोरे-पोरी त्यावर नाचत होती, गात होती, रडूनही दाखवत होती. बंद झाले तेव्हा वडीलधाऱ्यांनी हात जोडले, बरे झाले म्हणाले. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच इन्स्टाग्रामने आपल्या देशात रील सुरू केले. पालवी खुडली होती, मुळाला पाणी तसेच होते. पोरे या आडावरून त्या आडावर गेली इतकेच.

तर मग मूळ कोणते? माउलींनी तिथे जिभेचे नाव घेतले आहे. बाकीची इंद्रिये आवरता येतात, पण जिभेचा रस तोडता येत नाही, कारण जगणेच त्यावर चालते. मोबाईलच्या बाबतीत लोक म्हणतात की डोळ्याचा विषय आहे, पोरांना बघायची चटक लागली. मीही तसेच म्हणत होतो. पुढे एका पोरामुळे मला ते चूक वाटू लागले.

हा मुलगा माझ्या कीर्तनात पखवाजाला बसायचा. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. पंधरा वर्षांचा होता. हात असा गोड की मी अभंगाचे चरण सोडून त्याच्याकडे बघत राहावे. एका सप्ताहात कोणीतरी त्याची चित्रफीत काढली आणि टाकली. चालीवर टाळकरी पावली खेळताहेत आणि हा पोरगा डोळे मिटून वाजवतो आहे, अशी मिनिटभराची. आठ-दहा दिवसांत ती दोन लाख लोकांनी पाहिली म्हणून गावात चर्चा झाली. पुढच्या कीर्तनात मी गादीवरून त्याची ओळख करून दिली: “दोन लाख लोकांनी ज्याला पाहिले तो आपला मृदंगाचार्य.” टाळ्या पडल्या. त्याची आई कोपऱ्यात बसली होती, तिने डोळे पुसले.

मला आता ते वाक्य डाचते. त्या पोराला मी तीन वर्षे ओळखत होतो. त्याने बोल पाठ करताना कसे पांघरुणावर हात चालवले, भाकर खाताना ताटावर ठेका कसा धरला, पहिल्या कीर्तनात त्याचा हात कसा थरथरला, सगळे मी पाहिले होते. आणि शेकडो माणसांपुढे त्याची ओळख करून देताना मला आठवला तो आकडा. त्याच्या विद्येला आकड्याने मोजणारा पहिला माणूस मी. त्याच्या कानात ते घालणारे तोंड माझे.

त्यानंतर त्याच्या वाजवण्यात फरक पडला. निरूपणात शांत जागा येते, तिथे पखवाज्याने नुसता आधार द्यायचा असतो, बोट ठेवून थांबायचे असते. तिथे हा दणका देऊ लागला. डोळे मिटायचे सोडले, कारण समोर काठीवर मोबाईल लावलेला असे आणि तो चालू आहे की नाही हे त्याला बघायचे असे. पुढच्या चित्रफिती कोणी फार पाहिल्या नाहीत. चारशे, तीनशे. कोणीतरी त्याच्या रंगावरून खाली वाईट लिहिले. ते लिहिणारा कोण, कुठला, देव जाणे. पोरगा वाळत गेला. रियाज थांबला. रात्री दोन-दोनला उठून तो आकडा बघतो, असे त्याच्या आईने सांगितले. शेवटी मी त्याला घरी बोलावले आणि विचारले की बाबा, हात का बंद केलास? त्याने खाली बघून सांगितले, “महाराज, आता कोणी पायतच नाही, तं वाजवू कायले?”

पन्नास वर्षे कीर्तन करून मला या प्रश्नाला उत्तर आले नाही.

कोणी पाहत नसेल तर कशाला वाजवायचे, हा प्रश्न त्या पोराचा नव्हे, माझाच होता. मंडपात समोरची ओळ माना डोलावते का, हे मी प्रत्येक कीर्तनात पाहिले आहे. माणसे उठून जाऊ लागली की माझा आवाज चढत असे. टाळी पडली की तोच दृष्टांत पुढच्या गावी लांबत असे. मला मंडपातली दोन हजार डोकी हवी होती, त्याला मोबाईलमधली दोन लाख. फरक एवढाच की माझ्या मंडपाला मर्यादा होती. दोन तासांनी कीर्तन संपे, आरती होई, लोक घरी जात, आणि मलाही मान बाजूला ठेवून पाठ टेकावी लागे. त्याचा मंडप रात्री दोनलाही उठत नाही.

हा संपण्याचा मुद्दा सोडून द्यावा असा नाही. आपल्या परंपरेत प्रत्येक गोष्टीला समाप्ती आहे. सप्ताहाला काला आहे. पोथीला अध्यायाचा शेवट आहे, तिथे खूण घालून पोथी बांधून ठेवतात. वारीलाही पंढरी आहे, मग परतणे आहे. मोबाईलवर बोट वर सारत राहिले की पान संपतच नाही. अझा रास्किन नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी २००६ साली ही युक्ती बसवली, आणि पुढे स्वतःच तिच्याबद्दल खंत व्यक्त केली. ज्याला काला नाही असा सप्ताह गावात कोणी बसवला असता तर आपण त्याला वेड्यात काढले असते.

तर मूळ आहे ते मानात. ‘मी दिसावे’ यात. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी पहिले नाव अमानित्वाचे घेतले आणि दुसरे अदंभित्वाचे. अहिंसा त्यानंतर आली आहे, क्षमा त्यानंतर आली आहे. तरुणपणी मला याचे नवल वाटे. आता वाटते की मानाची भूक शिल्लक असेल तर अहिंसासुद्धा मनुष्य दाखवण्यासाठी पाळील, आणि क्षमासुद्धा चार माणसांत करील. अदंभित्वावर बोलताना माउलींनी शेतकऱ्याची उपमा दिली आहे. पेरलेले बी तो मातीने झाकतो, तसे ज्ञानी पुरुष आपले दानपुण्य झाकतो. सोयाबीन पेरणाऱ्या आमच्या माणसांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उघडे राहिलेले बी उगवत नाही, पाखरे टिपून नेतात. विद्येचेही काही वर्षे मातीखाली असणे जरूर असते. त्या पोराचे बी तिसऱ्याच वर्षी उघडे पडले, आणि माती बाजूला करणाऱ्यांत मी होतो.

इथे कोणी वारकरी मला अडवील. म्हणेल, महाराज, आपला संप्रदाय तरी लपून कुठे भक्ती करतो? पताका आहे, दिंडी आहे, टाळांचा गजर आहे. संतांनी देव गुहेतून काढून वाळवंटात नाचवला. मग पोराने वाजवलेले चार माणसांना दाखवले तर काय बिघडले?

हा आक्षेप खरा आहे, मी तो झटकणार नाही. २०२० आणि २०२१ साली वारी पायी गेली नाही. पादुका एसटीच्या बसने पंढरीला नेल्या. ज्यांची वारी कधी चुकली नव्हती अशी म्हातारी माणसे त्या दोन आषाढींना घरात बसून मोबाईलवर पांडुरंगाचे दर्शन घेत होती. मीही घेतले, आणि माझे डोळे भरले. लेक-सून परदेशी असलेल्या एका विणेकरी बाबांना मी नातवाकडून मोबाईलवर हरिपाठ ऐकताना पाहिले आहे. अशा वेळी त्या यंत्राला वाईट म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

मग फरक कुठे? मला तो शेगावच्या पालखीच्या वेळी दिसला. पालखी परतीच्या वाटेवर लोणार, मेहकर, जानेफळ करीत आमच्या भागातून जाते. रस्त्याच्या कडेला माणूस मावत नाही. एक तरुण जोडपे लेकराला घेऊन उभे होते. पालखी जवळ आली तसे तिघेही वळले आणि पालखीकडे पाठ करून उभे राहिले. मोबाईल वर धरला, हसले, आणि तोवर पालखी पुढे गेली. ती माणसे वाईट नव्हती. बाईने नंतर रस्त्यावरची धूळ उचलून लेकराच्या कपाळाला लावली, तीही मी पाहिली. पण देवाबरोबर आपण दिसायचे म्हटले की देवाकडे पाठ करावी लागते, ही त्या यंत्राची रचनाच आहे. दिंडीतली पताका वाऱ्यावर असते, ती कोणाचा चेहरा दाखवीत नाही. दर्शनाच्या रांगेत आपण बघायला जातो, दिसायला जात नाही.

विठोबाचे हात कमरेवर आहेत. अठ्ठावीस युगे उभा आहे, सगळे पाहतो आहे, पण टाळी वाजवीत नाही. कोणी नाचला म्हणून त्याचे हात सुटले नाहीत, कोणी चुकला म्हणून त्याने तोंड फिरवले नाही. असा पाहणारा ज्याला मिळाला त्याला दुसऱ्या पाहणाऱ्याची गरज राहत नाही. वेदान्ती यालाच साक्षी म्हणतात. (हे वाक्य कीर्तनात टाकले असते तर टाळी नक्की पडली असती. सवय जात नाही.) त्या पोराला मी हेही सांगून पाहिले. त्याने मान डोलावली, माझा मान राखायला. अठरा वर्षांच्या मुलाला साक्षी सांगून कळत नसतो. मलाच कितीसा कळला आहे?

सांगून जे होत नाही ते आपले पूर्वज व्रताने करून घेत. म्हणून मी परत वडगावच्या भोंग्याकडे येतो. बंदी आणि व्रत यांत वस्तू सोडणे सारखेच असते, बाकी सगळे वेगळे असते. एकादशीला आपण अन्न सोडतो, पण अन्नाला वाईट म्हणत नाही. उलट द्वादशीला पारणे फेडताना तेच अन्न पूर्णब्रह्म म्हणून पानात घेतो. एकादशीला वेळेची कड आहे, सुरुवात आहे, शेवट आहे. आणि सगळ्यांत मोठे म्हणजे एकादशी घर करते. आजा करतो, आजी करते, सून करते, म्हणून नातू साबुदाण्याच्या लालचीने का होईना तिच्यात सामील होतो. घरात मोठे भजी तळून खाताहेत आणि पोराला सांगताहेत तू एकादशी धर, असे घर मी पाहिले नाही. मोबाईलच्या बाबतीत मात्र जवळजवळ प्रत्येक घर असेच आहे. बाप ओसरीवर बसून राजकारणाच्या चित्रफिती बघतो आणि तिथूनच पोरावर ओरडतो. बांशीच्या ठरावामागची कळकळ मी मानतो. पण अठरा वर्षांखालच्यांनी सोडायचे आणि अठरावरच्यांनी धरायचे, यात एकादशीचे बळ येईल असे मला वाटत नाही. वडगावात भोंगा आजोबांसाठीही वाजतो.

मोठ्यांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगायची आहे, जी मी कीर्तनात कधी सांगू शकलो नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा गावी बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, चोखोबांच्या मंगळवेढ्याचे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकले. त्या वर्षी आषाढी २३ जुलैला होती, पालख्या निघायला चार-पाच दिवस होते. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही असे केले. त्या काळी देशात फिरलेली पोर पळवण्याची एक चित्रफीत तर मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. शेवटी मूल परत आणून सोडतात तो भाग कोणीतरी कापून टाकला होता.

तसा एक निरोप त्या उन्हाळ्यात माझ्याही मोबाईलवर आला होता. ‘सावध राहा, मुले सांभाळा’ असा. मी तो तीन ठिकाणी पुढे पाठवला. एक भजनी मंडळाच्या गटात, एक भावकीच्या, एक मेहुण्याला. मला वाटले, चांगलेच काम करतो आहे. माझा निरोप राईनपाड्याला गेला नसेल, मला ठाऊक आहे. पण राईनपाड्याला जो गेला तो माझ्यासारख्याच कोणीतरी चांगले काम समजून पाठवला असेल, हेही मला ठाऊक आहे. गीतेत विषयांच्या चिंतनापासून बुद्धीच्या नाशापर्यंत एकेक पायरी सांगितली आहे. चिंतनातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृती जाते, मग बुद्धी. पाठांतर मला लहानपणापासून होते. तरी बोट उचलायला मला एक क्षण लागला नाही. मग सतरा वर्षांच्या पोराला कोणत्या तोंडाने झाडायचे?

एक गोष्ट मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे आणि ती सांगायला मला संकोच नाही. आमच्या इथे विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो. शुकदास महाराजांनी लावलेली ही रीत. शेवटच्या दिवशी शेतात लांबच लांब पंगती बसतात, पुरी आणि वांग्याची भाजी, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून महाप्रसाद फिरतो. लाखाने माणूस जेवते. वाढायला गावोगावची तरुण पोरे असतात. एरवी ज्यांच्या मानेचे हाड मोबाईलने वाकले आहे अशी आमची शिव्या खाणारी पोरे त्या दिवशी तासन्‌तास बादल्या घेऊन पळतात आणि एकाच्याही हातात मोबाईल दिसत नाही. कोणी बंदी घातलेली नसते. एका हातात भाजीची बादली, दुसऱ्यात वाढायचे भांडे, कोपरापर्यंत रस्सा. मोबाईल धरायचा कशाने? टाळांचेही तसेच आहे. टाळ दोन हातांनी वाजतात. पखवाजाला दोन हात लागतात. फुगडीला तर चार. आपल्या लोकांनी दोन्ही हात भरून ठेवणारी भक्ती का शोधली असेल, याचा विचार मी उभ्या आयुष्यात केला नव्हता.

त्या पोरांना मी विचारून पाहिले, वर्षातून एक दिवस असे का, रोज का नाही. एकाने सरळ उत्तर दिले, “महाराज, त्या दिवशी आमची गरज असते. रोज कोणाले आहे?” हे ऐकून मी गप्प बसलो. बारावी होऊन घरी बसलेला, शेत दोन एकर, भाव नाही, लग्न जमत नाही, सरकारी भरतीचे फॉर्म भरून थकलेला. त्याला दिवसभरात हाक मारणारे एकच यंत्र आहे, तेही खिशात. गाव त्याला हाक मारीत नाही. सप्ताहाची वर्गणी गोळा करायला आपण त्याला पाठवतो, पण सप्ताहात काय व्हावे हे त्याला विचारीत नाही. विणा कोणी धरायचा यावर म्हातारे भांडतात, पोराच्या हाती तो येईपर्यंत त्याचे केस पिकतात.

म्हणून गेल्या कार्तिकी एकादशीपासून आमच्या आळीतल्या मारुतीच्या पारावर संध्याकाळी हरिपाठ सुरू केला. भोंगा नाही, ठराव नाही. येणाऱ्याने मोबाईल माझ्या घरच्या पितळी डब्यात ठेवायचा, आणि पहिला मोबाईल माझा. चाल पोरांनी लावायची, विणा पोरांनी धरायचा, म्हाताऱ्यांनी मागे बसायचे, चूक झाली तरी हरिपाठ संपेपर्यंत बोलायचे नाही. हे शेवटचे मला फार जड जाते. चित्रफीत काढायची नाही, हे मात्र पोरांनीच ठरवले, मी सुचवले नव्हते. अर्ध्या तासाचा प्रकार. पहिल्या आठवड्यात चार जण आले, मग अकरा, मग परीक्षा आल्या आणि पुन्हा पाच. एक बाप डब्यात मोबाईल टाकायला तयार नव्हता म्हणून घरी गेला, त्याचा मुलगा थांबला. डब्यात मोबाईल थरथरतात तेव्हा पितळेचा आवाज येतो, आणि सगळ्यांची नजर तिकडे जाते. माझीही जाते.

तो पखवाजवाला मुलगा पहिले तीन महिने आला नाही. त्याच्या आईला मी काही म्हटले नाही, निरोपही पाठवला नाही. माघातल्या दशमीला आला. पाराच्या कडेला चप्पल काढून बसला, मोबाईल खिशातच ठेवला, मी डबा त्याच्यापुढे केला नाही. हरिपाठ पखवाजाविना चालू होता, टाळांवरच. मधे एकदा त्याने खिशातून मोबाईल काढून पाहिला आणि परत ठेवला. संपल्यावर पोरे पांगली, तो बसून राहिला. कोपऱ्यात माझा जुना पखवाज गवसणीत पडला होता. त्याने तो ओढला, गवसणी काढली, धुम्यावरची जुनी वाळलेली कणीक नखाने खरवडून टाकली, आणि माझ्या सुनेला हाक मारून विचारले, “वैनी, थोडी कणीक भिजवता का?”